साळखात्यातला आवाज

“न्हाई म्हंजी अजाबातच न्हाई?”

“अजिबात नाही.”

“आन् पायाव उकळतं सूप सांडलं तर?”

“तर आतल्या खोलीत जा, उशीत तोंड खुपसा आणि मग ओरडा.”

बू हार्निंग हे इतक्या हळू बोलली की ऐकायला रुस्मियातीला पुढं वाकावं लागलं. बू म्हणजे बाई. आणि ही बाई लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायची, म्हणून तिला सगळा गाव बूच म्हणायचा. बोलता बोलता तिची नजर ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्याकडं गेली. आत तिच्या नवऱ्याचा होला होता. घुमण्याच्या शर्यतीत बक्षिसं मारलेला. रुस्मियाती अंगणात आल्यापासून तो दांडीच्या पार टोकाला सरकून बसला होता आणि एकदाही घुमला नव्हता.

“सवयीनं बोलती हो ती, बू,” सुलामी म्हणाली. सुलामी रुस्मियातीची गिरणीतली मैत्रीण, आता हार्निंगकडं वाढपात होती आणि तिनंच रुस्मियातीला ओढत आणलं होतं. “मनात काय नसतं तिच्या.”

“मनात काय आहे ते सोलो शहरापर्यंत ऐकू जातं,” हार्निंग म्हणाली. “हे बघा, रविवारी पाक गियार्तोंच्या मुलीचं लग्न आहे. एक दिवस बघते. तोंड मिटलेलं राहिलं तर कायमचं काम. उघडलं तर तुम्ही घरी. आणि सुलामी, तुम्हीही. शब्द तुम्ही टाकलाय.”

“मी बी?” सुलामी म्हणाली.

रुस्मियातीनं ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान हलवली. पिंजऱ्यातला होला अर्धवट घुमला आणि थांबला. त्याचाही अजून विश्वास बसला नव्हता.

जन्मताना काही रुस्मियाती हा गळा घेऊन आली नव्हती. तिची आई पाठीला बाटल्यांची टोपली बांधून दारोदार हळदीचा काढा विकायची, आणि ‘काढा घेता का’ असं विचारण्याआधी दारात उभी राहून दोनदा खाकरायची, म्हणजे घरच्यांना दचकायला नको. त्या आईनं पोरीला आमच्याकडची मोठ्यांशी बोलायची भाषा पार घोटून शिकवली होती. आपण यावं, आपण बसावं, आपली हरकत नसेल तर मी मरावं म्हणते, अशा चालीची. ही भाषा घेऊन पोरगी गिरणीच्या साळखात्यात गेली.

साळखात्यात माग. एका ओळीत डोळा पोचेल तिथवर माग, आणि अशा ओळी किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, खाडखाड खाडखाड, पायाखालची फरशीसुद्धा थरथरायची. पहिल्याच आठवड्यात रुस्मियातीनं शेजारच्या बाईला आईच्या भाषेत सांगायला घेतलं, की आपला पदर कृपा करून पट्ट्यापासून दूर... तोवर पदर गेला होता. बाई वाचली, पदराचं दोरीएवढं उरलं. त्या दिवशी रुस्मियातीनं आईची भाषा घडी घालून ठेवून दिली आणि पोटातून ओरडायला शिकली. ओठ वाचायलाही शिकली. पार त्या टोकाची बाई सासूला शिव्या घालत असली तर ह्या टोकाला रुस्मियाती मान डोलवायची.

वीज गेली की सगळे माग एका दमात थांबायचे. ती परत यायच्या वेळी आपापल्या मागावर माणूस पाहिजे, नाहीतर सूत तुटून सगळा गोंधळ. त्यासाठी एक हाक होती, “जाग्यावऽऽ!” आणि पाळी संपली की दुसरी, “सुटलीऽऽ!” भोंगा होता, पण साळखात्यात भोंगा कुणाला ऐकू येतोय! ह्या दोन्ही हाका रुस्मियातीच्या होत्या. खात्याचा मुकादम पाक गियार्तो, बाईला बू तसं पुरुषाला पाक. तो हात वर करायचा, आणि आवाज हिचा. मुकादमाचा गळा त्याच्या मापानं बेताचाच होता.

घरी नवरा कास्नो सायकलींची पंक्चरं काढायचा. शेजारी त्याला सकाळी विचारायचे, “काल लईच पेटलं हुतं जणू तुमच्यात?”

“छ्या,” कास्नो म्हणायचा. “मीठ मागत हुती.”

मग बाजारात बाहेरचं कापड आलं. कुठल्या देशाचं ते कापडावर लिहिलेलं नव्हतं, आणि असतं तरी वाचायला कोण थांबतंय. आमच्या गिरणीला सूत ज्या भावात पडायचं, त्या भावात ते शिवून, बटणं लावून, इस्त्री करून मिळायला लागलं. गिरणीतल्या बायकांनीच ते पहिल्यांदा घेतलं. स्वस्त होतं, आणि पोरांना आवडलं. रात्रपाळी बंद झाली. मग एक ओळ झाकली, मग दुसरी. झाकलेल्या मागांवर मांजरं वीत होती.

आणि एका ईदला सुट्टी दिली. सुट्टी संपवून बायका परत आल्या, केळीच्या पानातल्या भाताच्या वड्या डब्यात घेऊन, वाटायला. फाटकाला कुलूप. चौकीदार ओळखीचा.

“अजून सुट्टी हाय,” तो म्हणाला.

“कवापस्तोर?”

“त्येवढं काय मला सांगितलं न्हाई.”

त्या हिशेबानं बघितलं तर सुट्टी अजून चालूच आहे.

रुस्मियातीनं दुसरं काम शोधलं नाही असं नाही. उत्तरेला बुटांचा कारखाना निघाला होता, पण त्यांना कालपरवा शाळा सुटलेल्या पोरी पाहिजे होत्या. रुस्मियातीची स्वतःची लेक तिथं म्हातारी ठरली. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरनं तिला दारावर बसवलं. आत कुणाचा तरी दात निघत होता. रुस्मियातीनं आरोळी दिली, “पुढचाऽऽ!” पुढचा उठला आणि सरळ बाहेर गेला. त्याच्या पुढचाही गेला. डॉक्टर बाहेर येऊन बघतो तर बाकडी मोकळी. एका घरी तान्हं बाळ सांभाळायला ठेवली. रुस्मियातीला अंगाई येत होती, चांगल्या दोन-तीन येत होत्या. बाळ त्या घरात होतं तोवर झोपलं नाही, मग त्याला घेऊन त्याची आई माहेरी निघून गेली.

सुलामीचं तसं नव्हतं. ती घडीखात्यातली. तिथं दाराला जाड पडदा, हाताला मऊ कापड. तिचा आवाज जसा नेला तसा परत आणला होता, म्हणून हार्निंगकडं चिकटली.

“तुजं बरं हाय बाई,” रुस्मियाती तिला म्हणाली.

“माजं कसलं बरं! कान कुणी बसवले माजे? शेजारीण माजी तूच.”

रविवारी सकाळी गियार्तोच्या दारात मांडव पडला. कोवळ्या नारळपानांची कमान वाकवून लावली, खुर्च्या ओळीनं मांडल्या, गाण्यांचे खोके चढवले. गियार्तो काळा कोट, डोक्याला मुंडासं, कमरेला मागं कट्यार खोचून दारात उभा होता. एरवी तो गिरणीच्या बंद फाटकासमोर गाडीवर तळलेला तोफू विकायचा. तोफू जिथं खपेल तिथं गाडी लावावी, हे त्याला अजून जमलं नव्हतं. पाय फाटकाकडंच जायचे. नवऱ्याकडची मंडळी क्लातेन गावची, बोलणं लोण्यासारखं. ह्या बाजूला सगळं साळखातं आलं होतं. ठेवणीतल्या साड्यांत, म्हणजे आमच्याकडच्या चापूनचोपून नेसायच्या छापील कापडांत, केसांचे अंबाडे घालून. पोटं रिकामी ठेवून आले होते सगळे. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. हार्निंगचा भात आणि वर मसाल्याच्या रश्शात शिजवलेलं म्हशीचं कातडं, हे आमच्याकडचं सणासुदीचं खाणं कुणाला रोज मिळतंय?

लग्नातलं जेवण आमच्याकडं बसल्या जागी येतं. पाहुण्यानं खुर्ची सोडायची नाही. आधी गोड चहा आणि काहीतरी तळलेलं येतं, मग सूप, मग भाताचं ताट. शेवटी नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम. आणि आइस्क्रीम आलं की खाऊन उठायचं आणि घरी जायचं. ‘आता निघा’ असं यजमान मेला तरी म्हणत नाही. ते काम आइस्क्रीमचं. आइस्क्रीमच्या आधी उठणारा माणूस आमच्या मुलखात झाला नाही, आणि आइस्क्रीमनंतर बसून राहिलेलाही नाही.

मांडवामागच्या टेबलावर रुस्मियाती उभी. वाढपी पोरांच्या थाळ्या भरायच्या आणि पाठवायच्या, एवढंच काम. चहा गेला. सूप गेलं. तिनं तोंडातून हूं केलं नाही. हार्निंग दोनदा येऊन बघून गेली आणि दुसऱ्यांदा तर हसलीसुद्धा.

आणि भाताच्या चुलीची गॅसची टाकी संपली.

हार्निंग दुसरी टाकी आणवायला मागच्या गल्लीत धावली. सुलामी चुलीशी, अर्धवट शिजलेल्या भाताकडं बघत. रिकाम्या थाळ्या घेऊन पोरं रुस्मियातीसमोर ओळीनं उभी राहिली. उभीच राहिली. रुस्मियातीचं आयुष्य गेलं त्या एका नियमात, की माग रिकामा उभा राहता कामा नये. एका रंगाचं सूत आलं नाही तर जे आलंय ते लाव, पण धोटा फिरता ठेव. तिच्यासमोर ओळ थांबली होती, आणि टेबलावर आइस्क्रीमचे पेले मांडलेले, कडेनं पाघळायला लागलेले. विचार केला असता तर कळलं असतं. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण साळखात्यात विचार करायची पद्धत नव्हती, आणि कुणाला विचारावं तर तोंड उघडायची सोय नव्हती. हात आपले आपण चालले. पेले थाळीत, थाळी पोराच्या खांद्यावर, पुढचा. थाळी, खांदा, पुढचा. पोरं बाहेरगावची, रोजावरची. त्यांच्या खांद्यावर सुतळीबाँब ठेवला असता तरी नेऊन वाटला असता.

शेवटची थाळी गेली आणि टेबल रिकामं झालं, तेव्हा रुस्मियातीच्या डोक्यात उजेड पडला.

“अ...” एवढं तिच्या तोंडून निघालं. मग तिनं स्वतःच्याच हातानं तोंड दाबलं आणि पोरांच्या मागं पळत सुटली. एकाच्या पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं, बाई घाई कर म्हणतेय. तो पळायला लागला. त्याला बघून बाकीचेही पळाले. एवढ्या चपळाईनं आइस्क्रीम वाटलेलं आमच्या गावानं पूर्वी पाहिलं नव्हतं.

मांडवात निवेदक जुन्या दरबारी भाषेत नवरानवरीला संसाराचा उपदेश करत होता. लोकांनी हातातल्या पेल्याकडं बघितलं. एकमेकांकडं बघितलं नाही, ते बरं दिसत नाही. खाल्लं. पेले खाली ठेवले. आणि पुढच्या ओळीतले क्लातेनचे वडीलधारे हसतमुखानं उठले. ते उठले म्हणून मागची ओळ उठली. पाहुणे उठले म्हटल्यावर यजमानानं दारात जाऊन निरोपाचे हात हातात घ्यायचे, ही रीत. गियार्तोला पक्कं ठाऊक होतं की भात आलेला नाही. पण ‘बसा, तुम्ही जेवला नाही’ असं म्हणायचं म्हणजे आपण जेवायला घातलं नाही हे चारचौघांत कबूल करायचं. तो दारात जाऊन उभा राहिला आणि हसायला लागला. नवरानवरीला अर्ध्या उपदेशातून उठवून त्याच्या शेजारी आणलं.

“किती छान झालं सगळं,” पाहुणे म्हणत होते.

“आपण आलात, आम्ही पावन झालो,” गियार्तो म्हणत होता.

भाताबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं, आणि मांडवाच्या ह्या टोकाला उभी रुस्मियाती सगळं वाचत होती. ओठच ते, हलल्याशिवाय राहतात होय? साळखात्यातली एक बाई नवऱ्याला पुटपुटली, ‘एवढंच?’ दुसरी म्हणाली, ‘सकाळधरनं पाण्यावर हाय मी.’ बॉबिन भरणारा म्हातारा कुणाला न सांगता नुसताच म्हणाला, ‘कातडं करणार हुते म्हंत्यात.’ आणि क्लातेनच्या विहीणबाईंनी ओठ न हलवता जे म्हटलं तेही रुस्मियातीनं वाचलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मागून वास आला. टाकी बसली होती, भात उतरला होता. सुलामी ताट भरून आली आणि मांडवाकडं बघून तिथंच थिजली. तिच्यामागं बाकीच्या वाढपिणी भरली ताटं हातात घेऊन, माना अदबीनं खाली घालून उभ्या राहिल्या.

रुस्मियातीनं सुलामीकडं बघितलं. सुलामीनं डोळे मोठे केले आणि मान हलवली, नाही, नाही, पायाला हात लावते तुझ्या.

रुस्मियाती रिकाम्या बर्फाच्या पेटीवर चढली आणि तिनं पोटात हवा भरून घेतली.

“जाग्यावऽऽऽ!”

साळखातं बसलं. काय करायचं हे ठरवायच्या आत बसलं. ज्याच्या मागं जी खुर्ची होती तीवर बसलं, तीन बायका एका खुर्चीवर बसल्या, बॉबिनवाला म्हातारा फुलांच्या कुंडीच्या कठड्यावर. क्लातेनची मंडळी निव्वळ भीतीनं बसली. आणि दारात हात जोडून उभा असलेला मुकादम गियार्तो, कमरेला कट्यार, डोक्याला मुंडासं, गाण्याच्या खोक्यावर बसला.

निवेदक जुना खेळाडू. तो ध्वनिक्षेपकात म्हणाला, “पाकगृहाकडून अत्यंत विनम्र शब्दांत अशी विनंती झाली आहे, की उपस्थितांनी भोजनाचा स्वीकार करावा.”

भात वाढला गेला. कातडं होतं. म्हाताऱ्यानं दोनदा घेतलं. क्लातेनच्या विहीणबाईंनी ताट पुसून खाल्लं आणि भाताची तारीफ केली, ह्या वेळी ओठ हलवून.

पण ताटं उचलून झाली आणि एक नवीनच पंचाईत उभी राहिली. आइस्क्रीम संपलेलं होतं. आता उठायचं कधी? जेवलेला पाहुणा खुर्चीत बसून राहिला. शेजारचा बसलाय म्हणून हा बसला. निवेदकानं उपदेश पुरा केला, पुन्हा पहिल्यापासून केला, एक गाणं म्हटलं. आमच्याकडं नवरीचं कपाळ काळ्या रंगानं रेखतात, तो रंग घामानं भुवईपर्यंत उतरला. क्लातेनच्या म्हाताऱ्यांना डुलक्या लागल्या, तरी ते ताठ बसून डुलत होते. गावात तेवढ्या मापाचं आइस्क्रीम कुठं मिळणार नव्हतं. हार्निंगनं माणूस पाठवला होता, तो शाळेपुढच्या गाडीवरच्या रंगीत कांड्या घेऊन आला, त्याही मोजक्याच.

हार्निंग मागं आली. तिचा अंबाडा सुटला होता. रुस्मियाती बर्फाच्या पेटीजवळ उभी होती, तोंड मिटून, ओठांवर दोन बोटं ठेवून. सुलामी शेजारी, घरी जायची पिशवी काखेत मारून तयार.

“तुम्ही तोंड उघडलंत,” हार्निंग म्हणाली.

रुस्मियातीनं मान डोलवली.

“आणि आइस्क्रीमही तुम्हीच पाठवलंत.”

रुस्मियातीनं त्यालाही मान डोलवली.

हार्निंगनं पडद्याच्या फटीतून मांडवात बघितलं. ओळीच्या ओळी. कुणी हलत नव्हतं. तिनं डोळे मिटले, जसे दात काढायच्या आधी माणूस मिटतो.

“मघाचं ते जे काय होतं,” ती म्हणाली, “तसं घरी घालवायचं काही आहे का तुमच्याकडं?”

“हाय,” रुस्मियाती म्हणाली. पडदा हलला.

“मग घालवा.”

रुस्मियाती पुन्हा पेटीवर चढली. ही हाक तिनं ईदच्या सुट्टीच्या आधी दिली होती, त्यानंतर द्यायचं कारणच पडलं नव्हतं.

“सुटलीऽऽऽ!”

ह्या खेपेला साळखातं लगेच उठलं नाही. एक श्वासभर सगळे बसूनच राहिले, पेटीवरच्या बाईकडं बघत. गियार्तोचा उजवा हात वर गेला होता. तो त्यानं खाली घेतला आणि मुंडासं सारखं केलं. मग खुर्च्या सरकल्या. बायकांनी सवयीनं खांद्यावरचं सूत झटकलं. खांद्यावर सूत नव्हतं. दारात निरोपाचा हात हातात देताना बॉबिनवाला म्हातारा गियार्तोला म्हणाला, “बरं झालं. सुटली एकदाची.”

“व्हय,” गियार्तो म्हणाला. “उशीरच झाला जरा.”

क्लातेनची मंडळी त्यांच्यामागोमाग निघाली, जरा चालीनं.

मांडव रिकामा झाल्यावर हार्निंग अंबाडा बांधत भांड्यांपाशी आली. सुलामीच्या काखेत पिशवी अजून होती.

“ती पिशवी ठेवा खाली,” हार्निंग तिला म्हणाली, आणि रुस्मियातीकडं वळली. “माझ्या बाकीच्या बायका. लोक उपाशी चाललेले बघत भरली ताटं हातात धरून उभ्या होत्या. एकीचा आवाज नाही. वागणं इतकं चांगलं, की माझा धंदा बुडाला असता.”

रुस्मियातीनं एक उष्टा पेला दुसऱ्यात घातला.

“पाठवायच्या टेबलावर तुम्हाला पुन्हा उभं करायची नाही. इथं मागं, भांड्यांवर. मांडवात यायचं ते मी बोलावलं तरच. आणि उद्यापासून माझ्या घरी आलात तर कुंपणाबाहेरून हाक मारायची नाही. आत यायचं, हात हलवायचा. नवऱ्याचा होला आहे.”

“बरं,” रुस्मियाती म्हणाली. तिनं ते अगदी हळू म्हटलं, जमेल तेवढं हळू. दोन घरं पलीकडचं कुत्रं एकदाच भुंकून गप्प झालं.

हार्निंग गेली. सुलामीनं पिशवी खुंटीला अडकवली, घंगाळात पाणी ओतलं आणि भांडी घासायचा एक चोथा रुस्मियातीच्या अंगावर फेकला.

“पाया पडत हुते की गं मी तुज्या.”

“बघितलं म्या.”

“बघून बी वरडलीस?”

“भात गार व्हत हुता,” रुस्मियाती म्हणाली. तिनं बाह्या कोपराच्या वर सारल्या, घंगाळाशी उकिडवी बसली आणि आइस्क्रीमचे पेले पुढ्यात ओढले. पार चिकटून बसले होते एकात एक. तिनं वरचा पेला धरून पिरगळला, सोडवला आणि घासायला घेतला.